बाणाला नाव सांगा

बाणवाले पहिल्यांदा कारखान्यात आले त्या दिवशी गेटवरच्या वहीत ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात त्यांनी ‘कागदाला’ असं लिहिलं. रखवालदाराने ते वाचलं आणि त्यांना आत सोडलं नाही. ते गेटबाहेरच्या दगडावर बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि रखवालदाराचंच चित्र काढायला घेतलं. एक गोल, गोलात ‘माणूस अडवणे’. आत येणाऱ्या बाणावर ‘नाव, गाव, काम’. बाहेर पडणाऱ्या बाणावर ‘नकार’. चित्र पुढे करून त्यांनी विचारलं, “बरोबर आहे?”

“बरोबर हाय,” रखवालदार म्हणाला. “पर आत न्हाई सोडायचो.”

शेवटी मॅनेजर कानडेसाहेब स्वतः गेटवर गेले आणि त्यांना घेऊन आले.

मी तिथे टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. घोटावडे आणि पिरंगुट यांच्या मधल्या माळावर तेव्हा मोजकेच कारखाने होते. आमचं कुंपण संपायचं तिथे भाताची खाचरं सुरू व्हायची. आम्ही पाण्याच्या पाइपांना लागणारे व्हॉल्व्ह बनवायचो. कामावर घोटावडे, नेरे, लवळे इथली माणसं. हुकूम पुण्याच्या ऑफिसातून. त्या ऑफिसात कॉम्प्युटर यायचा होता. त्याआधी कारखान्यातली माहिती कुठून निघते, कुठे जाते आणि वाटेत तिचं काय होतं हे कागदावर काढून देण्यासाठी या गृहस्थांना नेमलं होतं. त्यांच्या धंद्यात या कागदाला डेटा फ्लो डायग्रॅम म्हणतात. कारखान्याने तो शब्द दोन दिवसांत टाकून दिला. कागदावर जिकडे तिकडे बाण असत, म्हणून ते बाणवाले. त्यांनाही ते चाललं.

ते यायच्या आधी पुण्याहून डायरेक्टर येऊन गेले होते. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना उभं करून ते म्हणाले, “कॉम्प्युटरमुळे कामगार कमी होणार नाहीत. पण ज्या टेबलावर नुसतं येतं आणि तिथून काही पुढे जात नाही, ते टेबल बंद. मग ते कुणाचंही असो.” त्यामुळे बाणवाल्यांकडे सगळे हसून बघत आणि पेन्सिलीकडे जपून.

वय पन्नाशीच्या आसपास. उंच, मानेत जरा वाकलेले. पायात सँडल आणि सँडलमध्ये मोजे, भर उन्हाळ्यातही. गळ्यात दोरी आणि दोरीला खोडरबर. पेन्सिल हरवली तर दुसरी मिळते, खोडरबर हरवून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. माल बांधायच्या तपकिरी कागदाची गुंडाळी ते कॅन्टीनच्या फरशीवर उलगडत, चार कोपऱ्यांवर चार व्हॉल्व्ह ठेवत आणि सँडल काढून कागदावर चालत. मोज्यांचं कारण तेव्हा कळलं. एका गोलावरून निघायचे, बाणावर पाऊल टाकत दुसऱ्या गोलावर जायचे, थांबायचे, मान हलवायचे. कधीकधी अर्ध्या वाटेवरून परत यायचे आणि खोडरबर हातात घ्यायचे.

गोल काढायला कॅन्टीनमधली स्टीलची वाटी. कॅन्टीन हौसाबाई चालवायच्या. जेवणाच्या सुट्टीत एक वाटी कमी पडली की त्या कागदाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या.

“बाणवाले, माझी वाटी द्या. मान्सं आमटी कशात घेत्याल, गोलात?”

“एवढा एक गोल होऊ दे, हौसाबाई.”

“तुमचं गोल संपायचं न्हाईत आन् माझी आमटी संपल.”

एका कागदावर सातच गोल, हा त्यांचा नेम. आठवा आला की त्यांचा चेहरा पडायचा. मग दोन-तीन गोलांचा एक करायचे आणि त्याचं पोट दुसऱ्या कागदावर उघडून दाखवायचे. त्यांच्या शास्त्रातली पुस्तकं इंग्रजीत होती, पण फरशीवरची चित्रं ते मराठीतच काढत. ज्याचं काम त्याला वाचता आलं नाही तर तो चूक काढणार कशी, असा त्यांचा सवाल. चूक काढणाऱ्याला खिशातली लिंबाची गोळी मिळायची. गोळ्यांमध्ये हौसाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

शास्त्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. गोल म्हणजे काम. चौकोन म्हणजे बाहेरचा माणूस किंवा बाहेरचं ऑफिस. तो त्याच्या जागी काय करतो ते आपण विचारायचं नाही. दोन आडव्या रेघा म्हणजे माहिती ठेवायची जागा: कपाट, फाइल किंवा ढमाल्यांचं डोकं. बाण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाते ती माहिती. बाणावर तिचं नाव लिहायचं. नाव सांगता आलं नाही तर बाण नाही.

ढमाले आमचे स्टोअरकीपर. कुठल्या मापाचा माल कुठल्या फळीवर आहे हे त्यांना पाठ होतं आणि लिहिलेलं कुठेच नव्हतं, म्हणून त्यांचं डोकं चित्रात आलं. ढमाले खूश झाले. एका शनिवारी घरून बायकोला घेऊन आले आणि तिला कागद दाखवला. तिने त्या दोन रेघांकडे बराच वेळ पाहिलं.

“हे तुमचं डोस्कं व्हय? आत तर कायच न्हाई,” ती म्हणाली.

बाणवाल्यांनी तिला गोळी दिली.

त्याच ढमाल्यांना पहिल्या भेटीत त्यांनी जवळजवळ रडवलं होतं. ‘बघतो’, ‘सांभाळतो’, ‘लक्ष ठेवतो’ हे शब्द त्यांना चालत नसत.

“तुम्ही काय करता?”

“स्टोअर बघतो.”

“बघितल्यावर काय होतं?”

“काय व्हायचंय? स्टोअर असतंय.”

“नाही बघितलं तर?”

“तरी असतंय की.”

“मग तुम्ही काय करता?”

ढमाले माझ्याकडे वळले. “बाई, ह्यास्नी मला घरी घालवाया धाडलंय का वो?”

दुपारपर्यंत दोघांनी मिळून शब्द शोधला: ‘मागणी तपासून माल देणे’. ढमाल्यांना तो इतका आवडला की त्यांनी पत्र्यावर रंगवून स्टोअरच्या दाराला लावला. पुढे मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेले. तिथे रोज ‘लक्ष घालणार’, ‘पाठपुरावा करणार’ अशी वाक्यं हातात येत. ती कापताना मला ढमाल्यांचं दार आठवायचं.

माणसं आपलं काम सांगतात ते खरं नसतं, खोटंही नसतं, असं बाणवाले म्हणत. म्हणून ते माणसाला विचारून झालं की कागदाच्या मागे जात. स्टोअरमधून माल हवा असेल तर मागणीपत्र भरावं लागे. त्यावर फोरमनची सही, मग स्टोअर. एक मागणीपत्र निघालं की बाणवाले त्याच्याबरोबर निघत. ते ज्या टेबलावर पडे त्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसत. ते उठलं की हे उठत. आमचा फोरमन शेलार, नेऱ्याचा, रुंद खांद्यांचा, तोंडाने फटकळ. टेबलाशी बसलेल्या बाणवाल्यांना बघून तो म्हणाला, “तुमी हितं का बसलाय?”

“सहीची वाट बघतोय.”

“कशावर पायजे सही?”

“माझ्यावर. मी मागणीपत्र आहे.”

शेलार सही न करताच कॅन्टीनमध्ये गेला आणि हौसाबाईंना म्हणाला, “बाणवाल्याचं काय खरं न्हाई.”

“गुमान एक कप च्या पाजा,” हौसाबाई म्हणाल्या. “उतरंल.”

असेच ते एका गुलाबी कागदाच्या मागे गेले. माल बाहेर जाताना गेटपास चार प्रतींत निघे. तीन प्रती कुठे जातात ते सगळ्यांना माहीत होतं. चौथी, गुलाबी, कुणासाठी काढतात ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, पण प्रत निघत होती. बाणवाले तिच्यामागे चालत राहिले आणि कॅन्टीनच्या कढईपाशी पोचले. हौसाबाई त्या कागदावर भजी काढत होत्या.

“गुलाबी कागदावर त्याल चांगलं निथळतंय,” त्या म्हणाल्या. “पांढरा चिकटतो.”

बाणवाल्यांनी चित्रात ‘माल रवाना करणे’ या गोलातून बाण काढला, त्यावर ‘गुलाबी प्रत’ लिहिलं आणि बाणाच्या टोकाला ‘भजी’. पुण्याच्या ऑफिसने तो खोडायला सांगितला. ते म्हणाले, “जाते तिथे जाते.” खोडला नाही. कॉम्प्युटर आल्यावर गुलाबी प्रत बंद झाली, तेव्हा हौसाबाई पुण्याच्या ऑफिसला चार शब्द ऐकवायला निघाल्या होत्या. त्यांना गेटवरून परत आणावं लागलं.

चित्रात दोन प्रकारचे गोल त्यांना खपत नसत. एक, ज्याच्यात काहीच जात नाही आणि तरी बाहेर येतं. त्याला ते ‘बाबाचा गोल’ म्हणत. रिकाम्या हातातून अंगारा काढणारा बाबा असतो तसा. दुसरा, ज्याच्यात सगळं जातं आणि बाहेर काही येत नाही. तो ‘ढेकर न देणारा’. बाबाचा गोल आमच्याकडे एक निघाला. शेलार रोज सकाळी पुण्याला फोन करून आदल्या दिवशीचं उत्पादन सांगायचा. त्या वेळी मोजणी झालेलीच नसायची.

“हा आकडा कुठून येतो?” बाणवाल्यांनी विचारलं.

“अंदाज हाय.”

“अंदाजाच्या आत काय जातं?”

“काय जातंय? मी जातोय!” शेलार म्हणाला. “समदा दिस मशिनीपाशी हुबा ऱ्हातो. मला न्हाई कळायचं किती निघालं?”

आकडा बहुतेक वेळा बरोबर असायचा. तरी बाणवाल्यांनी जे होतं ते काढलं आणि पहिला कागद पुण्याला गेला. त्याचा परिणाम काय होईल हे त्यांच्या मनात आलं नसावं. कागद बरोबर आहे की चूक, एवढंच ते बघत.

कानडेसाहेबांचा गोल सगळ्यात शेवटी आला. मॅनेजर म्हणून ते कारखान्याच्या पायाभरणीपासून होते. बुटके, शांत, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. पुण्यातली जागा सोडून त्यांनी घोटावड्यात घर बांधलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. त्यांच्याकडे जाणारे बाण काढता काढता कागदाची ती बाजू भरली: गैरहजेरी, मशिन बंद, भांडण, गावचा निरोप, पुण्याचा फोन, तक्रार, तक्रारीची तक्रार. बाहेर जाणारा बाण एकही निघाला नाही. आम्ही कागदाभोवती उभे होतो. हौसाबाई हळूच म्हणाल्या, “अगं बया. ढेकर न्हाई.”

कुणी हसलं नाही. डायरेक्टरांचं कॅन्टीनमधलं बोलणं सगळ्यांना आठवत होतं.

कानडेसाहेब येऊन कागदाशी उभे राहिले. “हा मी?”

“हो.”

“एखादा बाण राहिला असेल.”

“शक्य आहे. बाणाला नाव सांगा, लगेच काढतो.”

“सूचना देतो मी.”

“कोणती? एक दाखवा.”

कानडेसाहेबांनी थोडा विचार केला, “बघतो,” म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

पुढचे काही दिवस कारखान्यात त्या बाणाचीच चर्चा होती. कानडेसाहेब जावेत असं कुणालाच वाटत नव्हतं, आणि ते नेमकं काय करतात हेही कुणाला सांगता येत नव्हतं. एकेक जण नाव घेऊन यायचा.

“‘आदेश’ लिवा,” ढमाले म्हणाले.

“शेवटचा आदेश कोणता?”

“दिवाळीला सुट्टी दिल्ती की.”

“ती पुण्याहून आली.”

मी ‘पत्रं’ सुचवलं. रोज त्यांच्या सहीची पत्रं मीच टाइप करत होते. बाणवाले म्हणाले, “मजकूर पुण्याचा. सही झाली तरी मजकूर तोच राहतो. ते टपाल झालं.”

शेलार म्हणाला, “मग ‘दरारा’ लिवा.”

“दरारा ही माहिती नाही. शिवाय तो नाहीये.”

“ते बी खरं हाय,” शेलार म्हणाला.

कानडेसाहेबांनी स्वतः एक प्रयत्न केला. मला बोलावून त्यांनी सूचना टाइप करायला दिली: ‘कॅन्टीनमध्ये मोठ्याने बोलू नये.’ खाली सही केली, फलकावर लावली आणि बाणवाल्यांना नेऊन दाखवली. बाणवाले फलकासमोर स्टूल घेऊन बसले. दिवसभर बसले. सूचना कुणी वाचली नाही. वाचली असती तरी हौसाबाईंच्या आवाजात फरक पडला नसता.

संध्याकाळी ते केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, बाण भिंतीपर्यंत जातो. तिथे थांबतो.”

“मग?”

“मग नाही काढता येणार.”

कानडेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “तीन वर्षं आहेत हो माझी,” ते म्हणाले. “एक रेघ ओढायची. कुणाला कळणार आहे?”

“मला,” बाणवाले म्हणाले. हे ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. माफी मागितल्यासारखे म्हणाले. मग विचारलं, “मी इथे बसू का काही दिवस?”

दुसऱ्या दिवसापासून ते स्टूल घेऊन केबिनच्या कोपऱ्यात बसू लागले. माझं टेबल केबिनच्या दाराशी होतं आणि दार उघडंच असायचं. कानडेसाहेबांकडे माणसं कशी येत ते मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं.

हौसाबाई आल्या. “साहेब, त्या शेलाराला सांगा, उद्यापासनं त्याचा च्या बंद. माझ्या च्याला गटाराचं पाणी म्हणला, समद्या मान्सांत.”

“बरं,” कानडेसाहेब म्हणाले. माठातलं पाणी ओतून भांडं त्यांच्यापुढे ठेवलं.

“सांगा बरं का.”

“सांगतो.”

त्या पाणी पिऊन गेल्या. थोड्या वेळाने शेलार आला. “साहेब, त्या बाईला सांगा, तोंड संबाळून ऱ्हायाचं. माझा बाप काढला तिनं.”

“बरं. पाणी घे.”

“सांगतायसा नव्हं?”

“सांगतो.”

शेलार गेला. कानडेसाहेब उठले नाहीत. कुणाला बोलावलं नाही. बाणवाले पेन्सिल धरून वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी शेलारला चहा दिला. शेलार म्हणाला, “आज बरा झालाय.” त्या म्हणाल्या, “गप पी.”

बाणवाल्यांनी विचारलं, “तुम्ही शेलारला हौसाबाईंचं सांगितलं नाहीत?”

“नाही.”

“हौसाबाईंना त्याचं?”

“तेही नाही.”

“विसरलात?”

“छे. विसरून कसं चालेल?”

असं आठवडाभर चाललं. गावातून निरोप यायचा, पुण्याहून यायचा, दोन पाळ्यांची माणसं एकमेकांबद्दल काय काय सांगून जायची. सगळं कानडेसाहेबांपर्यंत यायचं आणि पुढे कुठे जायचं नाही. बाणवाले प्रत्येक निरोपाच्या मागे जायला तयार होते. निरोप हलत नव्हता.

एका दुपारी फोन आला. कानडेसाहेब उभे राहून बोलू लागले, म्हणजे पलीकडे डायरेक्टर होते. “हो साहेब. हो. सांगतो साहेब. आजच.” फोन ठेवून ते बसले.

“काय आलं?” बाणवाल्यांनी सवयीने विचारलं.

“शेलारला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा, म्हणाले.”

“का?”

“तुमच्या कागदात तो बाबा निघाला ना. मोजल्याशिवाय आकडा देतो म्हणून.”

बाणवाल्यांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. ते म्हणाले, “आकडा बरोबर असतो त्याचा.”

“असतो.”

“मी तेही लिहायला हवं होतं.”

“कुठे लिहिणार? तुमच्या चित्रात त्याला जागा नाही.”

“तुम्ही त्याला कधी सांगणार?”

कानडेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. शेलार पाण्याच्या टाकीपाशी कुणावर तरी ओरडत होता. “सांगू,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेलार कामावर आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाणवाले केबिनमध्ये आले नाहीत. कॅन्टीनच्या फरशीवर गुडघ्यांवर बसून ते कानडेसाहेबांचा गोल खोडत होते. इतका वेळ खोडत होते की तिथला कागद विरला आणि मागून दुसऱ्या कागदाचं ठिगळ लावावं लागलं. ठिगळावर त्यांनी पट्टीने चौकोन काढला. सगळे बाण त्या चौकोनात नेऊन सोडले.

कानडेसाहेब बघायला आले, तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. “चौकोन म्हणजे बाहेरचा. तुम्हीच सांगितलंत.”

“हो.”

“म्हणजे मी या कारखान्यात नाहीच?”

“कारखान्यात आहात. चित्रात नाही. साहेब, हे चित्र यंत्रासाठी आहे. गोलात जे असतं ते उद्या यंत्राला देता येतं. ढमाल्यांची मागणी, गेटपास, शेलारचा आकडा, सगळं. तुमचं देता येणार नाही.”

“पण दिसतं काय? सगळं आत चाललंय आणि हा चौकोन गप्प बसलाय.”

“चौकोनाला कुणी विचारत नाही, काय करतोस म्हणून. तसा नियमच आहे.” बाणवाल्यांनी खोडरबर शर्टाला पुसलं. “मी आमच्या घराचं चित्र काढलं होतं एकदा. बाजार, दूध, मुलीची शाळा, सगळं. त्यात मी चौकोन आहे.”

“तुम्ही स्वतःला बाहेर काढलंत?”

“मी गोलच काढला होता. बायकोनं खोडायला लावला.”

कानडेसाहेब तेवढ्यापुरते हसले. मग म्हणाले, “आणि डायरेक्टरांनी विचारलं, माझे निरोप या चौकोनात जाऊन पुढे काय होतं, तर?”

“विचारलं तर सांगावं लागेल.”

“खरं?”

“मला दुसरं येत नाही,” बाणवाले म्हणाले.

डायरेक्टर आले. आधी मशिनी बघितल्या. नव्या व्हॉल्व्हच्या जोडणीला वेळ का लागतो ते एका फोरमनने त्यांना दोन मिनिटांत, स्वतःच्या हाताने जोडून दाखवलं. डायरेक्टरांनी नाव विचारलं नाही; कानडेसाहेबांना म्हणाले, “हा माणूस नव्या मशिनवर घ्या.” मग सगळे कॅन्टीनमध्ये आले. पुण्याच्या साहेबांना खाली वाकायला नको म्हणून कागद भिंतीपाशी उभा धरायचं ठरलं. एक कोपरा ढमाल्यांनी धरला, दुसरा त्या फोरमनने. तो शेलारच होता.

डायरेक्टर शांतपणे बघत होते. गोलांवरून बोट फिरवत गेले आणि ठिगळापाशी थांबले.

“हे मॅनेजर. हे बाहेर कसे?”

“ते काम यंत्रात घालता येणार नाही,” बाणवाले म्हणाले.

“का?”

“आत काय जातं ते सांगता येतं. बाहेर काय येतं ते मला सापडलं नाही. मी आठवडाभर शेजारी बसलो होतो. ते टेबल काढलं तर हे सगळे बाण दुसरीकडे जातील, एवढं कळलं. कुठे जातील ते मला काढता येत नाही. कुणीतरी कुणाच्यातरी अंगावर जाईल.”

डायरेक्टरांचं बोट एका बाणावर होतं. त्यावर ‘पुण्याचा निरोप’ लिहिलेलं होतं. “हा बाण माझा.”

“हो.”

“इथे येतो. मग पुढे?”

कानडेसाहेब डायरेक्टरांच्या खांद्याकडे बघत होते.

“पुढे जात नाही,” बाणवाले म्हणाले.

“एकही?”

“मी होतो तेवढ्या दिवसांत तरी नाही.”

डायरेक्टर कानडेसाहेबांकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. “मी त्या शेलारला काढायला सांगितलं होतं. तो आकडे ठोकून देणारा. त्याला सांगितलंत ना?”

कागदाचा एक कोपरा खाली आला. ढमाल्यांनी आपल्या बाजूने तो सावरायचा प्रयत्न केला.

“शेलार कोण?” डायरेक्टरांनी विचारलं.

“मी, साहेब,” शेलार म्हणाला. त्याने कागद पुन्हा वर धरला होता.

डायरेक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग कानडेसाहेबांकडे. थोड्या वेळापूर्वी आपण कुणाला नव्या मशिनवर घ्यायला सांगितलं ते त्यांच्या लक्षात आलेलं सगळ्यांना दिसलं.

“सांगायचं राहून गेलं, साहेब,” कानडेसाहेब म्हणाले.

डायरेक्टरांनी बाणावरचं बोट काढून हात खिशात घातला.

“मग आता सांगू नका,” ते म्हणाले. “आणि आकडा मोजून पाठवत चला.” ते गाडीकडे गेले.

कानडेसाहेबांचं टेबल त्यांच्या निवृत्तीपर्यंत राहिलं. पुण्याहून फोन येत राहिले, पण डायरेक्टर आता फोन ठेवायच्या आधी कधीकधी विचारत, “हे सांगणार आहात की राहून जाणार आहे?” ज्यांचे बाण आत-बाहेर नीट होते ती कामं वर्षभरात यंत्राकडे गेली. ढमाल्यांचं डोकंही.

डायरेक्टर येऊन गेले त्या दिवशी बाणवाल्यांनी कागद गुंडाळला, हौसाबाईंची वाटी धुऊन परत केली आणि काम संपल्याची सही घ्यायला, सँडल हातात धरूनच, केबिनकडे आले. दारात आधीच शेलार उभा होता. आत जावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. कानडेसाहेबांनी त्याला बघितलं आणि माठाकडे वळले. शेलार आत गेला आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसला. कानडेसाहेबांनी पाण्याचं भांडं त्याच्या हातात दिलं.

बाणवाल्यांचं स्टूल कोपऱ्यात रिकामं होतं. ते दारात थांबले, आत बघितलं आणि मोज्यांतल्या पायांनी एक पाऊल मागे आले. मग हात लांब करून त्यांनी केबिनचं दार आवाज न करता लोटून घेतलं.

“सही?” मी विचारलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “पौडची गाडी येईल आता.” ते सँडल घालून गेटकडे चालू लागले.